सहाव्या बरणीतला पराग

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या सार्फाक गावच्या सरपंच बिर्थे हाईलमान, व्यासपीठावर बसलेल्या संशोधन केंद्राच्या प्रमुख डॉक्टर सिग्ने ब्रांट, ज्यांच्या प्रार्थनेनं सभेला सुरुवात झाली ते आपले पाद्री येन्स, आजची सत्कारमूर्ती दोर्थिया, आणि मागच्या टेबलावरच्या अकरा केककडे डोळे लावून माझं भाषण कधी संपतं याची वाट पाहणाऱ्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

सर्वांना वितुस ओल्सविगचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. बिर्थेनं आत येतानाच माझी बाही धरून बजावलं, "वितुस, गोड बोल आणि लवकर बस." बिर्थे, मी प्रयत्न करतो. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून व्हाव्यात अशी अपेक्षा करणं हे तुझ्या पदाला शोभत नाही.

आता कुणी विचारेल, की व्यासपीठावर एवढी शिकलेली माणसं असताना या नावाड्याला का उभं केलं? त्याचं कारण असं, की चौतीस वर्षांपूर्वी दोर्थिया केंद्रात लागली तेव्हा तिच्या बरण्या आणायला जो माणूस होता तोच अजून आहे. केंद्राचे पाच प्रमुख बदलले, तीन बोटी बदलल्या, छप्पर दोनदा उडालं. मी मात्र तिथेच आहे. जुन्या वस्तूचा मान म्हणतात तो हा.

दुसरं कारण नात्याचं. गावातल्यांना ते ठाऊक आहे, सिग्ने मॅडमना कदाचित नसेल. दोर्थिया माझी आजी आहे. हसू नका, मॅडम. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, तरी आजीच. माझ्या आईची आई वारली आणि त्याच हिवाळ्यात ही जन्मली, म्हणून तिला तेच नाव ठेवलं. नाव आलं की माणूस आलं. माझी आई त्या तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन 'आई' म्हणायची आणि तिच्या ओठांना माझ्या आजीच्या आवडीची सीलची चरबी लावायची. शाळेत ही माझ्या खालच्या वर्गात, आणि घरी आली की मी उठून जागा द्यायची! एकदा मी तिची वेणी ओढली, तर आईनं मलाच बदडलं. "आजीच्या केसांना हात लावतोस?" दोर्थिया तेव्हा सात वर्षांची होती आणि दारात उभी राहून वाळवलेला मासा चघळत माझी फजिती बघत होती. अजूनही मी काही वेडंवाकडं बोललो की ती शांतपणे म्हणते, "नातवा, आजीशी बोलतो आहेस."

तर आज मी आजीशीच बोलतो आहे.

तिच्या कामाबद्दल आत्ता सिग्ने मॅडम फार छान बोलल्या. मला शास्त्र येत नाही, मला आलं ते तिच्याकडून आलं. गावानं त्या केंद्राला 'धुळीचं घर' नाव दिलं, कारण तिथली माणसं वर्षभर धूळ मोजतात. पहिल्या वर्षी मी तिला विचारलं होतं, "आजी, तू काय वारा मोजतेस?" ती म्हणाली, "वारा नाही रे. वाऱ्याचं सामान मोजते."

आपल्याकडे झाड नाही. माझ्या गुडघ्याएवढा बर्च आणि आडवा पसरणारा विलो, यांना झाड म्हणायचं असेल तर म्हणा. पण त्या सूक्ष्मदर्शकात तिनं मला पाइनचा पराग दाखवला. मधे एक गोटी आणि दोन्ही बाजूंना हवेचे दोन फुगे. "हा कॅनडाहून आला," ती म्हणाली. "मे-जूनमध्ये तिकडची जंगलं फुलतात, नैर्ऋत्येचा वारा उचलतो, समुद्र ओलांडतो आणि इथे पावसाबरोबर नाहीतर बर्फाबरोबर खाली टाकतो." मी ज्या कॅनडात कधी पाय ठेवला नाही, तिथलं जंगल माझ्या टोपीवर पडतं हे ऐकून मी आठवडाभर टोपी झटकून बघत होतो.

तिनं मला आणखीही शिकवलं. वारा सगळीकडे सारखं वाटत नाही. उघड्या कड्यावर काही टिकत नाही, जे पडलं ते तो पुन्हा उचलतो. खडकाच्या आडोशाला, बर्फाच्या ढिगापाशी, खोलगट जागी सामान साठतं. आणि सगळ्यांत जास्त साठतं शेवाळात. दहा-दहा वर्षांचा पराग शेवाळाच्या गादीत अडकून बसतो. एकदा मी शेवाळावर बसून कॉफी पीत होतो, तर ही ओरडली, "ऊठ! तू आठ-दहा उन्हाळ्यांवर बसला आहेस!"

हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा.

आपल्या त्या सहा बरण्या. गावातली पोरं त्यांना 'जमिनीचे डोळे' म्हणतात. मातीत पुरलेली बरणी, वर झाकण, झाकणाला बोटभर भोक, आत थोडं औषध. एका ऑगस्टपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत त्या भोकातून वाऱ्याचं जे पडेल ते पडेल. पहिला बर्फ पडायच्या आत मी जायचं, बरणीतलं दुसऱ्या बाटलीत ओतायचं, बरणी धुवायची, परत पुरायची. एवढं सोपं काम. त्यातल्या पाच बरण्या खाडीच्या काठाकाठानं आहेत. सहावी वर पठारावर, महाहिमाच्या, म्हणजे कधीच न वितळणाऱ्या त्या बर्फाच्या थराच्या, कडेला. बोट लावली की पाच तासांची चढण. तिथे आपलं स्वतःचं झाडपान जवळजवळ नाही. म्हणून सहावी बरणी सगळ्यांत मोलाची. तिच्यात जे पडतं ते वाऱ्यानं लांबून आणलेलं.

बिर्थे, घड्याळ मलाही दिसतं आहे. पण मला बसवू नकोस. मी आज जर बसलो तर पुन्हा उभा राहणार नाही.

अठ्ठ्याण्णव सालचा ऑगस्ट. मी चोवीस वर्षं जे पोटात ठेवलं आहे ते आता या सभेत सांगणार आहे. गोड बोलायचं होतं तेवढं बोलून झालं.

पाच बरण्या भरून झाल्या होत्या. सहाव्यासाठी सकाळी निघालो, एकटाच. खांद्याला बंदूक. ती कुणी घरी ठेवून जातं का? दोन तास चढलो असेन आणि तळ्याच्या पलीकडे रेनडिअर दिसले. वारा माझ्या तोंडावर. दोन नर, ऑगस्टचे, पाठीवर तीन बोटं चरबी. या सभागृहात बसलेल्या एकाही पुरुषानं, आणि निम्म्या बायकांनीसुद्धा, मला सांगावं की तुम्ही काय केलं असतं?



दोन्ही पाडले. आणि एकदा पाडले की पुढचं माणसाच्या हातात राहत नाही. मांस उघड्यावर टाकून जायचं? कावळे, कोल्हे, ऑगस्टच्या माश्या. मांस वाया घालवलं असं ज्याच्याबद्दल गावात एकदा बोललं गेलं त्याला लोक मरेपर्यंत विसरत नाहीत. सोललं, तोडलं, पाठीवर बांधलं. बोटीपर्यंत दोन खेपा. दुसरी खेप उतरेपर्यंत अंधारून आलं आणि महाहिमावरून वारा सुटला. पहाटे उठलो तर तंबूवर बर्फ. वर पठार पांढरं झालेलं. चढावं तर खाडीतला बर्फ वाढून बोट अडकायची भीती, न चढावं तर बाटली रिकामी.

मी तिथे खडकापाशी बसलो होतो. हाताखाली शेवाळ होतं.

आणि मला आजीनं शिकवलेलं आठवलं. शेवाळात पराग असतो. मी मूठभर खरवडलं, बाटलीत घातलं, पाणी ओतलं, झाकण लावलं. वर चिकटवलं: 'क्रमांक सहा, ऑगस्ट अठ्ठ्याण्णव, वि. ओल्सविग.' अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

येन्स, तुम्ही मान हलवू नका. अजून पुढे आहे.

गावात आलो. आपल्याकडे रीत आहे, पहिला वाटा मोठ्यांच्या घरी जातो. माझ्या घरचं सगळ्यांत मोठं माणूस कोण? आजी. मी मागची मांडी आणि पाठीची चरबी घेऊन दोर्थियाच्या दारात गेलो. तिनं चरबीवर बोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, "नातवा, यंदा चांगली जमली आहे. वरच्या तळ्यापाशी का?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "म्हणजे सहावीच्या वाटेवरच." मी म्हटलं, "हो, वाटेवरच." एका पिशवीतून मांस दिलं आणि दुसऱ्या पिशवीतून बाटल्या. दोन्ही तिनं हसत घेतल्या.

पुढचं तुमच्यातल्या पुष्कळांना अर्धंमुर्धं माहीत आहे. मला पूर्ण माहीत आहे.

जानेवारीत तिनं सहावी बाटली काचेवर घेतली. दरवर्षी जिथे मोजून थोडेच कण मिळायचे तिथे रास ओतल्यासारखे कण! पाइन, आल्डर, बर्च, काय म्हणाल ते. त्या वेळचे प्रमुख, त्यांचं नाव मी इथे घेत नाही, ते आता हयात नाहीत, ते तर खुर्चीवरून उठून नाचायचेच राहिले. त्या जूनमध्ये नैर्ऋत्येचं मोठं वादळ आलं होतं. त्यांना वाटलं, वादळानं अख्खं जंगल उचलून महाहिमाच्या कडेला आणून ओतलं. दोर्थिया एकटी म्हणत होती, "साहेब, हे एका वर्षाचं नाही." ती त्यांना दाखवत होती, की यातले कितीतरी कण जुने आहेत, चिरडलेले, बुरशीनं खाल्लेले. आणि क्रोबेरीचा, आपल्या त्या जमिनीलगतच्या काळ्या फळांच्या झुडपाचा, पराग आहे. तो चार-चारच्या जुडग्यानं असतो, जड असतो, आईच्या पायाशीच पडतो. तो वर पठारावर कसा जाईल? साहेब म्हणाले, "वादळात सगळं जातं."

मी त्या दिवशी तिथेच होतो. कोपऱ्यात शेगडी दुरुस्त करत होतो. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "वितुस, बरणीजवळ काही वेगळं दिसलं का? झाकण सरकलं होतं का? कोल्ह्यानं उकरलं होतं का?"

'नातवा' म्हणाली नाही. कामाचा प्रश्न होता, म्हणून नावानं विचारलं.

तिनं मला तीन वाटा काढून दिल्या होत्या. एवढंसं 'हो' म्हटलं असतं, कोल्ह्यावर ढकललं असतं, तरी ती बाटली बाद झाली असती आणि कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण मला वाटलं, कोल्हा म्हटलं तर साहेब बघायला जातील. चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "नाही. सगळं नेहमीसारखंच होतं."

ते पहिलं खोटं बाटलीतलं होतं. हे दुसरं तोंडावरचं. माझ्या दृष्टीनं दुसरंच मोठं आहे.

साहेबांनी लेख छापला. वादळाचं वर्ष म्हणून गाजलाही म्हणतात. मग दोन वर्षांनी दुसऱ्या देशांच्या केंद्रांनी आपापल्या बरण्या उघडल्या, आणि त्या वर्षात कुणालाच काही सापडेना. साहेब तोंडघशी पडले. मोठा माणूस पडतो तेव्हा कुणाच्या तरी अंगावर पडतो. त्यांनी दुरुस्ती छापली. चार ओळींची. मी ती कात्रण करून ठेवली आहे आणि इतक्यांदा वाचली आहे की कागद घडीवर फाटला. त्यात असं आहे, की स्थानिक प्रयोगशाळेतील सहायक डी. ल्यूबर्थ यांच्याकडून नमुने धुताना झालेल्या निष्काळजीपणामुळे निष्कर्ष चुकीचे निघाले. डी. ल्यूबर्थ म्हणजे आपली दोर्थिया.

इतकी वर्षं या बाईनं मोजलेल्या आकड्यांवर किती लेख निघाले असतील, मॅडम? तुम्हीच मघाशी सांगितलंत, साठ. त्या साठांत तिचं नाव कुठे नाही. छापील नाव फक्त त्या चार ओळींत.

तिला सूक्ष्मदर्शकावरून उठवलं. चार वर्षं ती कोळंबीच्या कारखान्यात पट्ट्यावर उभी होती. गावात काय कमी बोललं गेलं? "धुळीच्या घरातून धुऊन काढली." हे वाक्य कुणाचं होतं ते मी सांगणार नाही, तो माणूस इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी बरा आहे. कारण त्याला खरं ठाऊक नव्हतं. मी काय केलं माहीत आहे? दुकानात ती समोर आली तेव्हा मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "आजी, मनाला लावून घेऊ नकोस. चूक कुणाच्याही हातून होते."

मी तिला क्षमा केली हो! मी!

तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "वितुस, मी खरंच ती बाटली नीट धुतली नसेन का? मला आठवतंय तसं मी चार वेळा मोजलं. पण आता मला माझ्या डोळ्यांचाच भरवसा वाटत नाही." तिच्या हाताला कोळंबीचा वास होता आणि बोटं थंडीनं फुगली होती. मी पावाची पिशवी उचलली आणि घरी गेलो.

नवीन प्रमुख आले, त्यांनी तिला परत बोलावलं. तेव्हापासून ती प्रत्येक काच दोनदा मोजते. सिग्ने मॅडम, तुम्ही मघाशी या सवयीचं फार कौतुक केलंत, काळजीपूर्वक काम म्हणालात, आणि सभेनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मॅडम, ती काळजी नाही. एका माणसानं तिचा तिच्या डोळ्यांवरचा विश्वास मोडला, ती त्याची खूण आहे. तो माणूस इथे उभा आहे. सतरा वर्षं प्रत्येक काच दोनदा. तिच्या डोळ्यांची जी हालत झाली आहे, जिच्यामुळे ती आज दोन वर्षं आधी निवृत्त होते आहे, त्यातली अर्धी मेहनत माझ्या नावावर लिहा.

तुम्ही विचाराल, आज का? चोवीस वर्षं मूग गिळून बसलास, आजच तोंड का फुटलं? सत्कार सुरू झाल्यावर फुटलं असं नाही. आधी नोकरीची भीती होती. मग साहेब गेल्यावर वाटलं, आता उकरून काय उपयोग. मग ती परत कामावर आली तेव्हा वाटलं, भरपाई झाली. माणसाला गप्प बसायला कारणं कमी पडत नाहीत. पण गेल्या आठवड्यात केंद्रानं मला बोलावून सांगितलं, की दोर्थियाच्या सत्कारात तुम्ही बोला, तिच्या कामाची तुमच्याइतकी साक्ष कुणाकडे नाही. साक्ष! तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिच्यावरचा तो डाग पुसू शकेल असा जगात एकच माणूस आहे, आणि तो सदुसष्ट वर्षांचा आहे, आणि दर हिवाळ्यात त्याच्या छातीत दुखतं.

म्हणून मी हे पत्र लिहून आणलं आहे. लेख जिथे छापला होता तिथे पाठवायचं. सिग्ने मॅडम, हे तुमच्या हातात...

काय? दोर्थिया, काय म्हणालीस? जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही. नाही, बिर्थे, तिला बोलू दे. आज सभा तिची आहे.

ती विचारते आहे, शेवाळ कुठलं होतं.

खालचं, आजी. जिथे आपण बोट लावतो तिथलं. काळ्या खडकाच्या दक्षिणेला. हो, आडोशाचं. हो, क्रोबेरीच्या झुडपांना लागूनच.

ती म्हणते आहे, "म्हणजे जुडगी तिथून आली."

तिथून आली.

ती म्हणते आहे, "मग पुढच्या वर्षीच्या सहाव्या बरणीत दोन वर्षांचं होतं." हो. मी ते त्या साली ओतलंच नव्हतं. तुला नव्याण्णवचा आकडाही दुप्पट वाटला होता आणि तू तो वहीत लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलं होतंस. ते मी बघितलं होतं. तेही बरोबर होतं.

ऐकलंत ना सगळ्यांनी? तिच्या दोन्ही मोजण्या बरोबर होत्या. चारी वेळा बरोबर होत्या. तिसऱ्या रांगेतल्यांनीही ऐकावं. दोर्थियाचं काहीही चुकलं नव्हतं.

आता काय म्हणतेस? पत्र वाचू? आत्ता?

बरं. वाचतो. चष्मा... हां. "महोदय, अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये सहावी बरणी मी रिकामी केली नाही. मी शिकारीला गेलो. बाटलीत मी खाडीच्या काठचं शेवाळ भरलं आणि त्यावर बरणीची चिठ्ठी लावली. विचारल्यावर मी खोटं बोललो. डी. ल्यूबर्थ यांनी नमुना नीट धुतला होता, नीट मोजला होता आणि तो एका वर्षाचा नाही हे त्यांनी त्याच वेळी सांगितलं होतं. आपण छापलेली दुरुस्ती खोटी आहे. ती मागे घ्यावी. वितुस ओल्सविग, नावाडी."

एवढंच आहे.

थांबा, ती उठते आहे. येन्स, तिला हात द्या. नको म्हणते.

आजी, बोल.

...

बंधुभगिनींनो, ती जे बोलली ते मी तुम्हाला सांगतो, कारण ती माझ्याकडे बघून बोलली आणि आवाज खाली होता. ती म्हणाली, "डी. नको. नाव पूर्ण लिही. दोर्थिया मालेने ल्यूबर्थ. माणसाचं नाव आहे ते."

बिर्थे, तुझं पेन दे. टेबलावरची फुलं जरा बाजूला कर.

दोर्थिया. मालेने. ल्यूबर्थ. अक्षर वाचता येतं आहे. आजी, बघून घे. बरोबर? ती मान डोलावते आहे. सिग्ने मॅडम, घ्या. तुम्ही पिशवीत ठेवलंत हे सगळ्या गावानं पाहिलं आहे.

आता मला आवरायला हवं. अध्यक्षांचे आभार, त्यांनी पाच मिनिटांच्या माणसाला इतका वेळ उभं राहू दिलं. केंद्राचे आभार, पाद्री येन्स यांचे आभार, ज्यांनी केक केले आणि हॉल गरम केला त्या सगळ्या बायकांचे आभार. अशा भाषणाच्या शेवटी वक्त्यानं म्हणायचं असतं, की बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. माझ्या बोलण्यात उणं झालं असेल तर ते घाला. माझ्या वागण्यातलं तुम्ही पोटात घालू नका. ते पोटात घालणं तुमचं कामच नाही. ते जिचं आहे तिनं मला अजून काही म्हटलेलं नाही, आणि मी तिला विचारणारही नाही. सत्काराच्या दिवशी, एवढ्या लोकांसमोर, फुलं हातात असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. तिला सवडीनं, तिच्या घरी, दार लावून नाही म्हणता यावं.

कॉफी घ्यायला तिला पुढे जाऊ द्या. मी दाराशी उभा राहतो. ज्यांना माझ्याशी हात मिळवायचा नसेल त्यांच्यासाठी स्वयंपाकघराकडचं दार उघडं आहे, मी मघाशीच उघडून ठेवलं आहे.